वाळूत बसलेलं पाणी

मामा बाई होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांना ज्यांना मी मामांबद्दल सांगितलं, त्यांनी अर्ध्यातच थांबवून विचारलं, "थांब, कुणाचे मामा?" कुणाचेच नाहीत. केनियातून आल्या होत्या. तिकडे मोठ्या बाईला मानानं मामा म्हणतात, बहिणीला दादा म्हणतात आणि भावाला काका. त्यामुळे नाशिकच्या आमच्या संस्थेच्या स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात सगळी नाती उलटीपालटी झाली. मामा मला "दादा" म्हणून हाक मारायच्या, मी "आले मामा" म्हणत धावायची, आणि आमचे आचारी भिकाकाका, ज्यांना सगळ्यांसारखं ‘काका’ म्हणताना मामांना वाटायचं की आपण त्यांना भाऊ म्हणतोय, शेगडीपुढून म्हणायचे, "ह्या घरात कोण बाई, कोण बाप्या, एकदा फळ्यावर लिहून ठेवा रे."

फळा होताच. कोरड्या मुलखातल्या शेतकरी बायांसाठी संस्थेत आठ महिन्यांचा पाणी आणि शेतीचा कोर्स होता, पाच-सहा देशांतल्या बाया आल्या होत्या. त्यांना कळावं म्हणून संस्था चालवणारे सर स्वयंपाकघराच्या फळ्यावर कामाच्या पाळ्या इंग्रजीत लिहायचे. माझं नाव सीमा, तेही दोन ई घालून. मामांनी ते आपल्या पद्धतीनं वाचलं, ‘सेमा’. वाचलं आणि हसत सुटल्या. त्यांच्या भाषेत सेमा म्हणजे बोल.

आणि मी तर बोलतच नव्हते. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेली, सातवी झालेली पोर मी. आमच्याकडे "मी भाजी चिरून राहिली" असं म्हणतात. ते म्हटलं की भिकाकाका विचारायचे, "राहिली असेल तर चिरून टाक की." वाईट हेतू नसायचा त्यांचा, पण मी गप्प झाले ती झालेच. शिवाय भीती. सरांनी मला ओळखीपाळखीवर कामाला घेतलं होतं, राहायला खोली दिली होती, जेवण होतं, महिन्याला घरी पाठवण्यापुरतं मिळत होतं. आपल्या तोंडून काही चुकीचं गेलं आणि हे सगळं गेलं तर, ह्या विचारानं मी दिवसातून दहा वेळा दाराकडे बघायची. मामा म्हणाल्या, "नाव बोल, आणि बोलत नाही. हे कसलं नाव ठेवलं?" मी म्हटलं, सीमा म्हणजे हद्द. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग बरोबर आहे. तू हद्दीच्या आत."

मामांची मराठी मीच शिकवलेली, म्हणजे स्वयंपाकघरातली. तिच्यात सगळं नपुंसकलिंगी होतं. नदी आलं, बाई गेलं, सर बोललं. स्वतःबद्दल मात्र बहुतेक ‘मी आलो, मी गेलो’. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणायच्या, "नदीला कळतंय मी कुणाबद्दल बोलतो." इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा थोडी जास्त यायची, पण वर्गात बोलायला लागलं की लाजायच्या. माझ्याजवळ बसून भेंडी चिरताना मात्र त्यांची, माझी आणि कुणाचीच नाही अशी एक भाषा तयार झाली होती. गाडी, पैसा, चहा, चपाती, साबण, रंग, असे कितीतरी शब्द दोन्हीकडचे होतेच. पाण्याला त्या माजी म्हणायच्या आणि वाळूला म्चांगा. हे दोन शब्द मी सगळ्यात आधी शिकले, कारण मामा दुसरं काही फारसं बोलतच नसत.

त्याचं असं झालं की, संस्थेचा नवा हॉल बांधायला काढला होता आणि अंगणात वाळूचा ढीग पडलेला असायचा. मामा रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी त्या ढिगाजवळ जायच्या. मूठभर वाळू घ्यायच्या, दाबायच्या, वास घ्यायच्या, परत ठेवायच्या. बाकीच्या बाया हसायच्या. एक दिवस मला ओढत घेऊन गेल्या. पहाटे ट्रक खाली झाला होता आणि ढिगाखालून पाण्याचा ओघळ फाटकापर्यंत गेला होता. "बघ सेमा. हे वाळू मेलेलं नाही. पाण्यातून उपटून आणलंय." मग ढीग चाळत बसल्या आणि त्यातून निघालेले छोटे काळे शिंपले पदराच्या, म्हणजे त्यांच्या त्या कमरेच्या फडक्याच्या, टोकाला बांधून ठेवले.

अंगणातल्या तणाचंही तसंच. कुंपणाकडेला पांढऱ्या फुलांची, उग्र वासाची तिळवण माजायची. माळी ती उपटून फेकायचा आणि मामा त्याच्यामागून गोळा करत जायच्या. त्यांच्याकडे ती बाजारात जुड्या बांधून विकतात म्हणे, बाळंतिणीला आवर्जून देतात. कडूपणा जावा म्हणून कोवळी पानं उकळून, पाणी टाकून, वर दूध घालून शिजवायच्या. भिकाकाकांनी आधी नाक मुरडलं, मग चार घास खाल्ले आणि म्हणाले, "आमची आजी करायची ही. माझ्या बायकोला सांगितलं तर म्हणेल मला काय गुरं समजता." मामांनी मला विचारलं काका काय म्हणाले. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं सून पण तेच बोलतं." आणि पहिल्यांदाच थोड्या खिन्न झाल्या.

वर्गात मात्र मामांचं जमायचं नाही. सर चांगले होते, हे मी आजही म्हणेन, त्यांच्यामुळे मी उभी राहिले. पण सरांना प्रश्न विचारायची सवय होती आणि उत्तर त्यांच्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर आधीच छापलेलं असायचं. पडद्यावर चित्र यायचं, भिंतीएवढं धरण, बाण, आकडे. मामा वर्गातून येऊन माझ्याशेजारी बसायच्या आणि लसूण अशी सोलायच्या की पाकळीचा जीव जाईल. "तीस वर्षं मी नदीतून पाणी काढतो. कुणी विचारत नाही कसं काढतो. मला सांगतात, पाणी काय असतं."

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी भिकाकाकांकडून एक काठाचा टवका गेलेला माठ मागून घेतला. बुडाशी भोक पाडून चिंधी कोंबली. माठ ढिगातल्या कोरड्या वाळूनं काठोकाठ भरला आणि मला म्हणाल्या, "आता पाणी ओत." मी म्हटलं, भरलाय. "ओत." मी सात तांबे ओतले. भरलेल्या माठात सात तांबे गेले. शेजारी घमेल्यात त्यांनी तेवढेच सात तांबे उघडे ठेवले. चार-पाच दिवसांत नाशिकच्या उन्हानं घमेलं कोरडं ठणठणीत केलं. मामांनी माठाची चिंधी ओढली. आधी थेंब, मग बारीक धार. भिकाकाकांनी तिच्याखाली ओंजळ धरली, प्यायले आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. त्यांच्या बाबतीत ते फार होतं.

मी धीर करून सरांना बोलावून आणलं. सरांनी बघितलं, मान हलवली. "हो, हो, हे आपल्या पाचव्या भागात येणारच आहे." फोटो काढला. महिन्याभरानं त्याचा तक्ता होऊन भिंतीवर लागला. त्यात माठ होता, धार होती, आणि मनगटापाशी कापलेले मामांचे दोन हात होते. खाली छापलं होतं, संस्थेत विकसित केलेले प्रात्यक्षिक. मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, मग तक्त्यातल्या. "बाकीचं मी कुठे गेलं?" एवढंच विचारलं. मला सरांना विचारायचं होतं. मी विचारलं नाही.

मेच्या सुरुवातीला सगळ्यांना सायखेड्याकडे गोदावरीवर नेलं. स्वयंपाकाला म्हणून मीही गेले, चहाचं मोठं पातेलं मांडीवर घेऊन. गावापासून आडबाजूला, नदीच्या काठावर एक वस्ती होती. तिथल्या बाया पात्रात टरबुजांच्या वाड्या करायच्या आणि प्यायचं पाणी वाळूत हातभर खड्डा करून, झिरा करून काढायच्या. त्यांच्यातल्या ठकूबाई म्हणून एक, पन्नाशीच्या, अंगानं काटक, झिऱ्याशी करवंटी घेऊन बसल्या होत्या. सर त्यांच्याविषयी इंग्रजीत सांगत होते. मामांनी चपला काढल्या, फडकं खोचलं, ठकूबाईंपासून चार पावलांवर गुडघे टेकले आणि हातानं वाळू उकरायला लागल्या. पिशवीतल्या अर्ध्या भोपळ्यानं पहिलं गढूळ पाणी उपसून फेकलं. थांबल्या. दुसरं फेकलं. थांबल्या. तिसरं फेकलं आणि मग नुसत्या बसून राहिल्या. ठकूबाई बघत होत्या.

"हिला कुणी शिकवलं गं?"

"तिच्या गावी असंच करतात," मी म्हटलं.

"मग हिला इथं काय शिकवायला आणली?"

पाणी निवळलं होतं, चहाला उशीर होत होता, म्हणून मी पुढे होऊन पातेलं ठकूबाईंच्या झिऱ्यात बुडवायला गेले. आणि दोघी एकाच वेळी ओरडल्या, दोन भाषांत. मामांनी माझं मनगट धरलं आणि ठकूबाईंनी पातेलं. पातेल्याच्या बुडाला काजळी होती. काजळीचं भांडं झिऱ्याला लावलं तर झिरा रुसतो, पाणी आत ओढून घेतो, असं ठकूबाई म्हणाल्या. मामांना ते सांगायची गरज पडली नाही, त्या आपल्या भाषेत मला तेच रागावत होत्या. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसल्या. मी वाळूत पातेलं धरून उभी. आयुष्यात इतकं बरं मला फार कमी वेळा वाटलंय.

मामांनी फडक्याची गाठ सोडून ते काळे शिंपले ठकूबाईंच्या तळहातावर ठेवले. ठकूबाईंनी एक नखानं उलटा केला. "हे तर आमच्या वरल्या डोहातलं. तुमच्याकडं कुठनं आलं?"

मी सांगितलं. हॉलच्या वाळूतून.

ठकूबाईंनी हनुवटीनं नदीच्या वरच्या अंगाला दाखवलं. तिथे ट्रक उभे होते. "दोन सालापासनं लागल्यात. तिथं आता खाली काळी माती निघाली. आमी तलाठ्याला सांगितलं, तो म्हणं लिलाव झालाय, कायद्यानं हाय. असंल बाबा कायदा. पर वाळूच नाय राहिली तर पाणी बसंल कुठं?"

पाणी बसंल कुठं. मी ते मामांना सांगताना ‘बसेल’ला शब्द सापडेना, म्हणून वाळूवर फतकल मारून दाखवलं. मामांनी डोळे मिटले. परत येताना बसमध्ये त्या माझ्या शेजारी होत्या. त्यांच्या गावचं त्यांनी तेव्हा सांगितलं. त्यांच्या नदीवरही लॉऱ्या आल्या होत्या, शहरात इमारती होत होत्या. पुरुषांना भरायचं काम मिळालं म्हणून कुणी बोललं नाही. तीन हंगामांत झिरे आटले. त्यांची थोरली मुलगी आता पाण्याला चार तास चालते, पोर पाठीशी बांधून. "मी कोर्सला आलो कारण वाटलं, इथे कुणी सांगेल लॉरी कसं थांबवायचं. पाचव्या भागात नाही. सहाव्यात पण नाही."

जूनच्या तोंडावर कोर्स संपला. त्याच दिवशी नव्या हॉलचं उद्घाटन ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे ज्यांनी हॉलला वाळू फुकट दिली ते शेठ, ज्यांचे ट्रक आम्ही नदीत पाहिले होते ते. सरांनी वस्तीवरच्या चार बायांनाही बोलावलं होतं. त्या मागे सतरंजीवर बसल्या होत्या, ठकूबाई धरून. प्रत्येक देशाच्या एका बाईनं दोन शब्द बोलायचे. मामांनी इंग्रजीत बोलायला नकार दिला. "ते मागे बसलेलं बाई, त्यांना कळलं पाहिजे." सर म्हणाले, ठीक आहे, त्यांच्या भाषेत बोलू द्या, आपली सीमा सांगेल. आणि मला स्टेजवर ओढलं.

मामा बोलल्या. भेंडी चिरताना झालेल्या आम्हा दोघींच्या त्या भाषेत, भराभर, न थांबता, दुसऱ्या कुणाला लागणार नाही अशा. मला मात्र अक्षर अन् अक्षर कळलं. त्या म्हणाल्या, वाळू म्हणजे पाण्याचं घर. माझ्या गावी लॉरी आली, घर नेलं, पाणी निघून गेलं. इथे तेच चाललंय. इथल्या बायांना ते ठाऊक आहे, त्यांना कुणी विचारलं नाही. मग त्यांनी हॉलच्या भिंतीला हात लावला, अजून ओल होती तिला, आणि म्हणाल्या, ह्या भिंतीत त्या मागे बसलेल्या बायांचं पाणी आहे. ज्यांनी नेलं त्यांना सांगा, उरलेलं ठेवा.

मग त्या थांबल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेठ हसऱ्या तोंडानं बघत होते. सर बघत होते. मला माझी खोली दिसली, ट्रंक दिसली, भंडाऱ्याला जाणारी गाडी दिसली.

मी म्हणाले, "मामा म्हणतात, आपली नदी फार सुंदर आहे. त्यांना आपल्या गावची आठवण आली. ह्या इमारतीसाठी त्या सगळ्यांचे आभार मानतात."

टाळ्या झाल्या. शेठनी मामांना नमस्कार केला. मामांना ‘सुंदर’ शब्द माहीत होता, मीच शिकवलेला. ‘आभार’ही. त्या मला रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या आणि फक्त म्हणाल्या, "सेमा." माइक चालू होता. सगळ्यांना वाटलं त्या माझं नाव घेताहेत, माझं कौतुक करताहेत. पुन्हा टाळ्या झाल्या.

खाली उतरले तर ठकूबाई दाराशी होत्या. "पोरी, ती एवढं बोलली अन् तू एवढुसं सांगितलंस?" मी म्हटलं, तेवढंच होतं. त्या म्हणाल्या, "तिनं भिंतीला हात लावला. सुंदर म्हणायला भिंतीला हात कशाला लावंल?"

मामांना नाशिकरोड स्टेशनवर पोचवायला मी आणि भिकाकाका गेलो. गाडीला वेळ होता. मी तीन-चार वेळा माफी मागायला तोंड उघडलं आणि दर वेळी विचारलं, पाणी भरून आणू का. शेवटी मामांनी पिशवीतून त्यांचा पाणी काढायचा अर्धा भोपळा काढला. वाळवून पोखरलेला, आतून वापरानं गुळगुळीत झालेला. आठ महिने त्यांच्या उशाशी होता. "हे ठकूचं. करवंटी लहान आहे, लोखंड चालत नाही. तू दे." भिकाकाकांना त्या काका म्हणाल्या, आणि काकांनी, ज्यांना आता त्याचा अर्थ माहीत होता, खिशातून रुमाल काढला.

तो भोपळा मी दिला नाही. ठकूबाईंना तोंड दाखवायची लाज वाटली. पुढच्या महिन्यात देऊ, सणाला देऊ, असं करत तो स्वयंपाकघरात तांदूळ मापायला लागला.

दीड वर्षानं मामांचं पत्र आलं, नातीकडून इंग्रजीत लिहून घेतलेलं. सरांनी मला वाचून अर्थ सांगितला. गावातल्या बाया नदीत लॉरीपुढे बसल्या होत्या. मामाही. पोलिसांनी उठवलं, एक रात्र ठेवलं, सोडलं. त्या पुन्हा बसल्या. लॉऱ्या दुसऱ्या वाटेनं जायला लागल्या. शेवटची ओळ वाचून सर थांबले. "विचारलंय, सीमा बोलली का? काय बोलायचं होतं गं तुला?" त्यांच्या मागच्या भिंतीवर तो कापलेल्या हातांचा तक्ता होता.

"काही नाही सर," मी म्हणाले. पत्राला उत्तरही लिहिलं नाही. काय लिहिणार होते? त्यानंतर पत्र आलं नाही. मामा आहेत का नाहीत, हेसुद्धा मला आज माहीत नाही.

मला माझाच इतका राग यायचा की तो मी भांड्यांवर काढायची. भिकाकाका म्हणायचे, पातेल्याचं काय चुकलं? काही नाही. पातेलं काजळीचं असतं, पण त्याला निदान झिऱ्यापासून लांब ठेवणारं कुणीतरी असतं.

पुढे माझं लग्न झालं ते नेमकं त्या वस्तीच्याच गावात. भोपळा सामानातून बरोबर आला, पण तांदूळच मापत राहिला; वस्तीकडे जायचं मी टाळायची. मिस्टरांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. विहिरींच्या मोटारी वरचेवर जळायच्या, कारण पाणी खाली गेलं होतं. टरबुजांच्या वाड्या संपल्या होत्या. पात्रात काळी माती, बाभळी आणि खड्डे. वस्तीवर टँकर यायचा. फक्त गावाजवळच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला शे-दीडशे पावलांचा वाळूचा एक तुकडा उरला होता आणि वस्तीचे शेवटचे दोन झिरे तिथे होते. काही वर्षांनी त्या तुकड्याचाही लिलाव निघाला. आता ग्रामसभेची संमती लागायची, म्हणून मारुतीच्या देवळापुढे सभा बोलावली.

मी घरून निघताना फडताळातून भोपळा घेतला. बाया एका अंगाला बसल्या होत्या. ठकूबाई पुढे, आता पार वाकलेल्या. ग्रामसेवकानं कागद वाचला, लिलावाच्या पैशातून गावच्या रस्त्याला किती मिळेल ते सांगितलं आणि विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? तो पुढच्या विषयाकडे वळला तेव्हा मी उभी राहिले. मिस्टर पुरुषांतून खूण करत होते की बस. ज्यांच्या मोटारी ते दुरुस्त करतात त्यातले निम्मे ट्रकवाल्यांचे भाऊबंद.

मी म्हटलं, "मला एका बाईचं बोलणं सांगायचंय. ती इथे नाही. तिनं सांगितलं तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं."

आणि सुरुवात केली. वाळू म्हणजे पाण्याचं घर. माझ्या गावी लॉरी आली. ग्रामसेवक म्हणाला, "ताई, विषयावर बोला." मागून कुणीतरी म्हणालं, "ही कुठली लॉरी आणि?" माझा आवाज खाली जायला लागला, नेहमीसारखा.

ठकूबाईंनी माझ्या हातातला भोपळा ओढून घेतला. उलटा केला, आतून बोट फिरवलं, तांदळाचे दोन दाणे काढून टाकले.

"तिचाच न्हवं?"

"हो. तुमच्यासाठी दिला होता."

"अन् हे भिंतीपाशी बोलली तेच न्हवं?"

"तेच."

"आत्ता सांगतीस," त्या म्हणाल्या. मग भोपळा मांडीत ठेवून कानामागं हात धरला. "मग जरा मोठ्यांदा सांग. मला कमी ऐकू येतं."